बारा नंबर

कॅम्पातलं दुकान. शटर अर्धंच वर.
बारा नंबरची काडतुसं संपून महिना झाला,
ट्रक कोगनोळी नाक्यापलीकडं अडकलेला.

टिळकवाडीचे एक साहेब मास्कमधूनच म्हणाले,
"असतील तेवढी द्या."
कुणावर झाडणार, ते नाही बोलले.

मग जांबोटीचा भरमू गावडा,
लायसनचं पुस्तक दुधाच्या पिशवीत.
"डुकरं शिरल्यात मक्यात. दोन तरी बघा की ओ, मिनेझिस."

ड्रॉवरच्या तळाशी एकच निघालं,
पप्पांच्या वेळचं, पितळ हिरवं पडलेलं.
पैसे घेतले नाहीत.
रजिस्टरात मात्र लिहिलं: एक.

आठवड्यानं फोन.
"उडालंच न्हाई ओ, फुसकं."
मग?
"मग काय, ताट बडवतोय.
तुम्ही पाच मिन्टं बडवलासा,
मी उजाडस्तोवर."