खिडकी क्रमांक तीन

एकोणीस वर्षं मी इथेच बसलो,
तांबेपट्ट्यातल्या आमच्या नगर परिषदेत.
पाच तारखेला रांग पार जॅकरँडाच्या झाडापर्यंत जायची.
भाडं घ्यायचं, शिक्का मारायचा, पावती फाडायची.
त्या पावत्यांतून कचऱ्याच्या ट्रॅक्टरचं डिझेल निघे,
रस्त्यावरचे बल्ब, नळवाल्या कपेंब्वाचा पगार,
आणि बेवारस कुणी मेला, तर त्याची पेटीसुद्धा.

मग लुसाकाहून रेडिओ बोलला:
परिषदेची घरं आता राहणाऱ्यांची.
किंमत इतकी कमी की मी दोनदा ऐकली,
सातच्या बातम्यांत आणि नऊच्या.
कर्ज देणाऱ्यांना म्हणे असंच काहीसं हवं होतं,
निवडणूकही तोंडावर होती.
नगरसचिव म्हणाले, परिपत्रक येईल.
परिपत्रक आलं तेव्हा
निम्मं गाव विकून झालं होतं.

खोटं कशाला बोलू, मीही नाचलो.
बाना लुबुटोने, म्हणजे माझ्या बायकोने,
दाराला निळा रंग दिला,
मागे कोंबड्यांसाठी भिंत घातली,
विचारायचं कुणाला, आता कुणी नव्हतंच.
घर क्रमांक चारशे बारा.
त्याची शेवटची पावती
मी माझ्या हाताने मलाच फाडून दिली.

पुढच्या पाच तारखेला झाडाखाली एक कुत्रं.

मग खाणही विकली.
नव्या मालकाने तांबं ठेवून घेतलं;
गटारं, दवाखाना, फुटबॉलचं मैदान
आमच्याकडे पाठवून दिलं,
सोबत आभाराचं पत्र, छान जाड कागदावर.
लुसाकाचं अनुदान निघालंय, निघालंय,
अजून वाटेतच आहे.
ट्रॅक्टर विटांवर उभा.
सात महिने पगार नाही.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,
सभेत महापौर म्हणाले.
मी मागे दाराशी होतो.
म्हणणार होतो, आडात होतं साहेब,
आडच वाटून टाकला,
त्याची एक वीट माझ्याही घरी आहे.
नाही म्हणालो.

काल म्हातारी चिलुफ्या आली खिडकीशी.
कोपऱ्यावरचा दिवा गेलाय,
नातू रात्री खड्ड्यात पडला.
मी वहीत लिहून घेतलं. बल्ब नाहीत, हे काही लिहिलं नाही.
तिने सवयीने चितेंगेची गाठ सोडली,
किती द्यायचे?
काही नाही, आई. घर तुमचंच आहे.
ती तशीच उभी,
चुरगळलेली नोट बोटांत धरून.

मग पावती तरी दे, म्हणाली.