झाकली मूठ

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात,
नदीवर बर्फाची साय धरू लागते.
हेल्डुर राउडसिकच्या टेबलावर
शाळेनं मोडीत काढलेले अकरा लॅपटॉप.
दहांत जीव आला.

अकरावा नेटवर्क पकडत नाही.
पडद्यावर एकच ओळ : फर्मवेअर सापडलं नाही.
चिप आहे, अँटेना आहे,
ड्रायव्हरही आहे, ओळन् ओळ वाचावी इतका उघडा.
नाही ती फक्त कंपनीची पुडी,
चारशे बारा किलोबाइटचा कानमंत्र,
जो फुंकल्याशिवाय चिप डोळा उघडत नाही
आणि ज्याचा अर्थ विचारायचा नाही.

वीस वर्षं प्रत्येक मतदानात हेल्डुरनं लिहिलं : नको.
जे आपल्याला वाचता येत नाही
ते आपल्या डिस्कवर नको.
तरुणपणी तो रेडिओच्या कारखान्यात होता.
तिथं एका खोलीच्या दाराला लाखेचं सील.
शनिवारी सील तपासून सही करायची पाळी त्याची.
आत काय, हे त्यानं कधी विचारलं नाही.
मला हे एकदाच सांगितलं,
मग कॉफी गार होईपर्यंत बोलला नाही.

गेल्या मतदानात तो हरला.
आता पुडी डिस्कमध्येच येते.
हेल्डुर अजून जुनीच डिस्क लावतो.
हट्ट म्हणा.

लॅपटॉप लिसेटेला न्यायचा होता. वय नऊ.
बाप जहाजावर, रविवारी सातला पडद्यावर दिसतो.
‘बिघडलाय का हा?’
‘नाही,’ हेल्डुर म्हणाला, ‘अगदी बरोबर आहे.’
ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली,
टोपीही काढली नव्हती तिनं.

पावणेसातला त्यानं खालचा खण उघडला
आणि पेन ड्राइव्ह काढला.
म्हणजे पुडी त्याच्याकडे होतीच.
कधीपासून, मी विचारलं नाही.

लावण्याआधी त्यानं ती उसवून पाहिली :
आकडे, आकडे, नुसता भुसा,
आणि मध्येच कुणा इंजिनियरची राहून गेलेली अक्षरं,
‘इथे कधीच पोचायला नको.’
झाकल्या मुठीबाहेर राहिलेलं एक नख.
हेल्डुर त्या ओळीपाशी जरा थांबला.

मग हिरवा दिवा लागला.

दहा लॅपटॉपांवर त्याची छापील चिठ्ठी आहे : पूर्ण उघडा.
अकराव्यावर त्यानं पेन्सिलीनं लिहिलं :
यात एक पुडी बंद आहे.
मी घातली.
आत काय, मला माहीत नाही.
खाली सही.