खायला काय घालता

काखेतल्या गाठीचा तुकडा बर्फात बसून आला,
सोमवारी, दुपारी अडीचला.
डब्यावर नाव नाही, नुसता आकडा : चारशे अकरा.
डाळिंब सोलावं तसा मी तो सोडवला,
चोवीस वाट्या, वाटीत एकेक दाणा,
वर गुलाबी पाणी.

नाव कळायला नको होतं.
आस्त्रिड जिन्यात कॉफी पिता पिता बोलून गेली :
सुन्नवा. फेरो बेटांवरची, मेंढ्या पाळणारी,
विमानानं कोपनहेगनला आणलेली.

गाठीच्या आत तिचेच राखणदार असतात,
पोचलेले, पण पेंगुळलेले.
चोर घरच्याच रक्ताचा,
त्याच्यावर भुंकावं तरी कसं?
त्यांना बाहेर काढायचं, पोसायचं,
डोळ्यांवरची झापड उतरेपर्यंत.

गुलाबी पाणी पिवळं पडलं की समजायचं, भूक लागली.
रविवारी पहाटे चारला मी सायकल काढते.
नवरा कुशीवर वळून म्हणतो,
तान्हं मूल आहे का तिथं?
आहेत ना. पाच कोटी.

एकदा तिनं आस्त्रिडकडून विचारून पाठवलं :
त्यांना खायला काय घालता?
मी चिठ्ठीवर लिहिलं :
साखर, मीठ, थोडं माणसांचं रक्तजल.
उत्तर आलं : मीठ बरं.
माझ्या मेंढ्यांचं गवतही खारंच असतं.

बावीस वाट्या नुसत्याच फुगल्या.
गाठीच्या पेशी पुढ्यात ठेवल्या तर ढिम्म.
एकोणिसावी जराशी हलली.
सातवी धावून गेली.

पाचव्या आठवड्यात, एका पिशवीत,
साठ अब्ज. दिसायला ताकाची निवळ.
तिकडे औषधांनी तिचं रक्त रिकामं केलेलं,
गोठा झाडून ठेवावा तसं.

अर्ध्या तासात पिशवी उतरली.
मग हुडहुडी, ताप चाळीसला टेकलेला.
दात वाजत असताना ती म्हणाली म्हणे,
चढल्या का डोंगरावर?

तीन महिन्यांनी फोटो.
स्तनातली गाठ निम्मी. यकृतातली एक गेली,
एक आहे तिथंच, आहे तेवढीच.
शेजारच्या रकान्यात कुणीतरी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय.
मला हे बघायची मुभा नाही.

ऑक्टोबरात ती घरी गेली,
कळप खाली उतरवायचे दिवस.
माझ्यासाठी चिठ्ठी, वर पत्ता म्हणून नुसता आकडा :
"मोजताना दरवर्षी एखादी कमी भरते.
अंधार पडला तरी आम्ही फाटक लगेच लावत नाही."

सातवीतली एक कुपी
मी नायट्रोजनच्या टाकीत ठेवली आहे,
खालच्या कप्प्यात, डावीकडे.