घट

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
बावीस वर्षं मापाडी आहे मी.
माल उतरला की लगेच तोलायचा,
एवढं एकच शिकलो.
ठेवला, की घट धरावी लागते.
कांदा झोपेतसुद्धा हलका होतो.

मंगळवारी, लिलाव चालू असताना,
एका गाळेवाल्यानं कमरेचं पिस्तूल काढलं.
उधारीवरून.
परवाना रीतसर होता त्याचा :
रोकड नेणारा माणूस, जिवाला धोका,
सही, शिक्का, सगळं.
निवृत्ती शेलार गेला. इस्माईल तांबोळी गेला.
जावळीचा बबन उतेकर
पाठीवर गोणी असतानाच गेला,
आधी गोणी पडली, मग तो.
आणि चहावाला पोरगा,
ज्याचं आडनाव पोलिसांनी विचारलं तेव्हा
आम्ही चारशे माणसं
एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

बुधवारी मार्केट बंद. शोकसभा.
दोन मिनिटं उभे राहिलो, मग मी हात वर केला.
म्हटलं, अजून किती जणांच्या कमरेला आहे?
कोण देतं? दिल्यावर पुन्हा बघतं का कुणी?
अध्यक्ष म्हणाले, ही वेळ आहे का?
मागून कुणी म्हणालं,
सुतकात राजकारण नको, तेरावा होऊ दे.
तेराव्याला इथं लसणाचा भाव चालू असेल,
असं म्हणणार होतो.
म्हटलं नाही. खाली बसलो.

संध्याकाळी कोपरखैरण्याला,
शेलारच्या खोलीवर गेलो.
कौसल्यावहिनी मोरीच्या उंबऱ्याशी बसलेल्या.
मनात होतं, या तरी म्हणतील,
बोला भाऊजी, आत्ताच बोला.
त्या म्हणाल्या,
आज त्यांचं नाव कशालाही जोडू नका.
आज ते नुसते मेलेत.
मला नुसतं रडू द्या.

याला लावायचं वजन
माझ्या काट्याजवळ नव्हतं.

तेरावा झाला. महिना झाला.
विषय काढला तर तेच लोक म्हणाले,
आता कशाला उकरून काढतोस?
‘आज नको’ आणि ‘आता कशाला’
यांच्या मधे एखादा वार असणारच.
घरच्या कॅलेंडरात शोधला.
एकादशी होती, पगार होता,
बायकोच्या अक्षरात ‘सिलिंडर आला’ होतं.

काल वहिनी मार्केटात आल्या,
भरपाईच्या कागदांवर अंगठा द्यायला.
जाताना काट्यापाशी थांबल्या.
त्या दिवशी काय विचारलं होतंत तुम्ही?
मी सांगितलं. शब्द तेच होते,
पण मध्येच एक पोरगा हसत गेला,
कुणी ‘दोन गोणी इकडे’ ओरडलं,
आणि मलाच प्रश्न नीट ऐकू आला नाही.

वहिनी काट्याकडे बघत होत्या.
म्हणाल्या, तोलून लिहून ठेवायचं होतं, भाऊजी.
बोलू नका म्हटलं होतं मी.
लिहू नका
कुठं म्हटलं होतं?