इतर

हलच्या गोदीपाशी, चौथ्या मजल्यावर
मी विटा मोजते. म्हणजे विटांचे आकडे.
शाळेची एक इमारत, दोन जिने,
फुटतूट पाच टक्के धरून.

पहिल्याच आठवड्यात ट्रेव्हर म्हणाला होता,
"'इतर'मध्ये काही ढकलू नकोस पोरी,
तिथे गेलेला पैसा पुन्हा सापडत नाही."
तेव्हापासून बिजागरीलासुद्धा
मी तिची स्वतःची ओळ देते.

आज कचेरीचा नवा फॉर्म आला,
आपण कोण कोण आहोत ते भरायला.
आडनाव रकान्यात मावेना:
चिंचवड आत, कर बाहेर.
मी हसले. आमच्या धंद्यात
दर असेच लिहितात, कर वगळून.
मातृभाषा यादीत नाही.
बाण खाली नेत नेत थेट तळाशी, 'इतर'.

पलीकडे ट्रेव्हरचा हात थबकलेला.
डावा कान गेलाय त्याचा, सहा वर्षं झाली.
बैठकीत तो डावी बाजू भिंतीला लावून बसतो,
हे मला ठाऊक, आणि भिंतीला.
त्याने खूण केली: 'सांगायचं नाही'.

तीन वाजता काँक्रीटच्या दरांची बैठक.
मी त्याच्या उजवीकडची खुर्ची धरली
आणि ठेकेदाराचा प्रत्येक आकडा
मोठ्याने परत म्हटला,
जणू माझ्याच खात्रीसाठी.