एक्केचाळीस

कीथलीत, नॉर्थ स्ट्रीटवर,
सोसायटीच्या बंद दारासमोर
सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी
मी एक्केचाळीस माणसं मोजली.

पहिला अर्नेस्ट पिकल्स, घडीची खुर्ची नि थर्मास घेऊन,
जणू क्रिकेटची मॅच बघायला आलेला.
मागे रफाकत, टॅक्सीचा मीटर बंद करून.
एक बाई ओव्हनच्या हातमोज्यात पासबुक लपवून.
बोलणं फक्त हवेबद्दल, तेही जपून.
इथे माणसं घाबरतातसुद्धा रांगेत.

दुपारी न्यूजरूममध्ये प्रश्न एवढाच उरला
की मथळ्यात कोणता शब्द बसवायचा.
रांग आणि घबराट :
इंग्रजीत दोन्ही पाचच अक्षरी,
तेवढ्याच जागेत मावणारे.
ग्लेनिस होलरॉइड, आमची संपादक,
चष्मा कपाळावर सारून म्हणाली,
"घबराट छापली तर उद्या चारशे येतील.
नाही छापली, आणि परवा दार उघडलंच नाही,
तर त्या चारशेंना तोंड काय दाखवायचं?"

तेवढ्यात थ्वेटसाहेबांचा फोन.
सोसायटी भक्कम आहे म्हणाले,
आणि गुरुवारची पानभर जाहिरात
यंदाही तुमच्याकडेच.
दोन्ही वाक्यं एका श्वासात.

घरविक्रीची पुरवणी तोवर
बावीस पानांवरून सहावर आली होती.
छपाईयंत्र विकलेलं,
आमचा अंक दुसऱ्याच गावाहून
रात्री ट्रकने यायचा.
हे आम्ही कधी छापलं नाही.

शेवटी 'रांग' गेली.
खाली माझं नाव, चार परिच्छेद :
एक्केचाळीस खातेदार, सारे शांत,
कर्मचाऱ्यांनी बिस्किटं वाटली.
एकही शब्द खोटा नव्हता.

माझे वडील सोलापूरच्या गिरणीत जॉबर.
गिरणी बंद पडली त्या दिवसाचा पेपर
त्यांनी उशीच्या अभ्र्यात जपला होता.
थकलेल्या पगारांचा आकडा त्यात चुकला होता,
तो त्यांनी पेनने खोडून
वर बारीक अक्षरात खरा लिहिला,
आणि मला म्हणाले, वाच.
आकड्याला मी तेव्हापासून जपते.

त्या सकाळी मोजणं अवघड नव्हतं.
सगळे माझ्यापुढेच होते.

साडेनऊला दार उघडलं.
सहा हजार दोनशे पौंड
पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले, चेन लावली,
दोनदा चाचपून पाहिली,
आणि मग वही काढून पिकल्सला विचारलं,
काळजी वाटते का तुम्हाला?
तो म्हणाला, "मला नाही, बायकोला वाटते."
बायको जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.
हेही मी छापलं नाही.

सोसायटी पुढे मोठ्या बँकेने गिळली.
ठेवी वाचल्या, नोकऱ्या गेल्या.
दोन वर्षांनी आमचा पेपर मिटला,
ती बातमी आमच्याच पान पाचवर,
शाळेच्या जत्रेच्या फोटोखाली.
निरोपाला ग्लेनिसने केक आणला,
कापायला सुरी कुणाकडेच नव्हती,
स्टीलची पट्टी वापरली.

काल खोकं आवरताना ते कात्रण हाती आलं.
कडा तपकिरी, माझं नाव अजून ठळक.
पेन शोधायला वेळ लागला.
एकाचा दोन करायला
एक छोटं वळण पुरलं,
पण कागद जुना,
शाई पलीकडे उमटली,
मागच्या पानावरच्या
विकाऊ घराच्या छपरावर.