शाल वजा

तागडी भाजीवाल्याची. दर मंगळवारी मागून आणायची,
पारड्यातली बटाट्याची माती झटकायची,
वर धुतलेलं फडकं.
बाळ शालीसकट ठेवायचं,
मग शाल वजा: नऊ औंस.
क्लेगब्रिजच्या चॅपलमागच्या खोलीत
मी नर्स झाले ती या वजाबाकीने.

गिरणीचा भोंगा पहाटे साडेपाचला.
लाकडी तळव्यांचे बूट खडखडत उतारावरून जायचे
आणि मागे, टेबलाच्या ओढून ठेवलेल्या खणात,
बाळ, बाटली
आणि बाटलीची हातभर रबरी नळी,
आतून कधीच न धुतलेली.
ऑगस्टात जुलाब सुरू व्हायचे.
माझ्या वहीत लाल रेघा.

माझ्याकडे सायकल होती, सर्टिफिकेट होतं, कात्री होती.
एडिथ थ्रेलफॉलच्या घरी मी नळी कापली.
चार माग सांभाळणारी बाई. चिडली नाही.
एवढंच म्हणाली,
"उद्या सहापासून विल्फ्रेडला कोण पाजणार? कात्री?"

मला उत्तर आलं नाही.
ते दारातून आत आलं, हेप्झिबा ऑग्डेन,
सत्तरीची, तपकिरीने पिवळं पडलेलं नाक.
अख्ख्या गल्लीच्या नाळा तिने कापलेल्या,
मढीही तिनेच धुतलेली,
एकाच बादलीत, असं लोक म्हणायचे.
नव्या कायद्याने तिचे हात बांधले होते.
कागद मीच भरला होता.

ती चुलीशी बसली.
वाटी उकळली. चमचा उकळला. मी सांगण्याआधी.
"तू लिही," म्हणाली, "मी पाजते."

तिसऱ्या मंगळवारी
विल्फ्रेड चार औंसांनी उतरलेला.
एडिथ जेवणाच्या सुट्टीत धावत आली,
केसांत कापसाचे तंतू, श्वास लागलेला.
"किती?"

मी शाल वजा केली नाही.
आकडा सांगितला. ती हसली,
उंबऱ्यातच वळून पळाली.
मी तो आकडा पेन्सिलीने लिहिला.
हेप्झिबाने सगळं पाहिलं.
शालीची घडी घातली, मांडीवर ठेवली,
वरून हात फिरवत राहिली.

सप्टेंबर निम्मा सरला. माश्या कमी झाल्या.
त्या मंगळवारी मी त्याला उघडाच ठेवला पारड्यात,
पाय झाडत होता, काटा ठरेना.
ठरला तेव्हा
तोच आकडा.

तागडी परत द्यायला निघाले
तर हेप्झिबा चिमूटभर तपकीर ओढून म्हणाली,
"आता शाईने लिही."